ऐकणाऱ्यांचं घर

कालपासून आमच्या दारावरून उसाचे ट्रॅक्टर जायला लागले. कारखान्याचं धुराडं पेटलं, हंगाम सुरू झाला. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं कपाटाएवढे स्पीकर. गाणं कुठलं ते कळत नाही, खिडकीच्या काचा मात्र थरथरत राहतात. काल मी फाटकाशी जाऊन एकाला हात केला. म्हटलं, "बाबा, आवाज जरा कमी कर." तो म्हणाला, "मावशी, हंगाम हाय!" आणि गेला. हंगाम आहे म्हणजे सगळं माफ. याच घरात, वीतभर स्पीकरवर मी रेकॉर्ड लावायची तेव्हा "ह्ये काय लावलंय, बंद करा" म्हणायला येणारी माणसं अजून गावात आहेत. हे ट्रॅक्टर त्यांच्याच नातवंडांचे. वय झालं की राग निवतो असं मला सगळे सांगत आले. माझा अजून तरी निवलेला नाही.

हंगाम म्हटलं की मला नव्वदच्या दशकाच्या मधला एकच हंगाम आठवतो. बाकीचे सगळे त्यात मिसळून गेले. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की पिंपळीच्या पुढं, रस्त्याला लागून आमचं गाव. हवेत मळीचा आंबूस वास, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर चिपाडाची काळी राख, आणि आईची रोजची कुरकुर, "पांढरं कापड घालायची सोय न्हाय राहिली." मी रोज सकाळी एसटीनं इंदापूरला जायची. पुढं बैलगाड्यांची रांग असली की एसटी त्यांच्या चालीनं चालायची आणि कंडक्टर दारात उभा राहून कुणाला तरी शिव्या द्यायचा. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पस्तिशी गाठलेली, लग्न न केलेली, पगारी बाई. गावाला माझं काय करावं ते कळत नसे, आणि मलाही गावाचं.

आठ तास कानाला हेडफोन. पुणे लावा, सोलापूर लावा, अर्जंट आहे, त्याहून घाईचा लाइटनिंग आहे. माणसं बोलायला लागायच्या आधी लाइनवर जे ऐकू येतं ते फार थोड्या लोकांनी ऐकलंय. लांबचा सूं आवाज, मधूनच टक्, कुठल्या तरी तिसऱ्याच गावातल्या बोलण्याची पुसट कुजबुज, मग एकदम शांतता. जोडणीत पाणी शिरलंय की तारेवर फांदी टेकलीय, हे मी नुसत्या खरखरीवरून सांगायची. लाइनमन पैज लावून हरत. तेव्हा मला कल्पना नव्हती की असल्या आवाजांचं संगीत करणारी माणसं जगात आहेत आणि त्यांच्या रेकॉर्डी निघालेल्या आहेत.

त्या मला दिल्या निजामभाईंनी. इंदापुरात त्यांचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. कॅसेटी आल्या तशी रेकॉर्डींची सद्दी संपत चालली होती, तरी जुन्या लोकांना मांडवात रेकॉर्डच लागायची. निजामभाई पुण्याच्या जुन्या बाजारातून गठ्ठेच्या गठ्ठे उचलून आणत. त्यात सिनेमाच्या निघत, सनईच्या निघत, आणि काही भलत्याच. जाड पुठ्ठ्याच्या, साठ-सत्तर सालच्या, युरोपातल्या. वर ना बाईचा फोटो ना देवाचा. नुसत्या रेघा, किंवा एखादा लाल ठिपका.

"ताई, ह्यो माल लग्नाचा न्हाय," निजामभाई म्हणाले. "येकदा चुकून मांडवात लावली, तर नवरदेवाचा बाप धावत आला, मशीन जळालं म्हणून. मी दोन डाव पिन बदलली. मग ध्यानात आलं, गाणंच तसलं हाय."

मी ती जागेवर ऐकली. पियानो होता, पण त्याच्या तारांत काहीबाही अडकवून ठेवलेलं. मधूनच एक स्वर, मग इतका वेळ काहीच नाही की रस्त्यावरची सायकलची घंटी त्यातलीच वाटावी. निजामभाई हसत होते, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. पहिल्या खेपेला बारा रेकॉर्डी आणि एक जुनं, पेटीसारखं बंद होणारं मशीन घेऊन मी घरी आले. पाकिटांच्या मागं बारीक इंग्रजीत लिहिलेलं असे. डिक्शनरी घेऊन बसले तेव्हा कळलं, ही रचना करणारी माणसं रेकॉर्ड निघाली तेव्हा जिवंत होती, आणि त्यांच्याकडच्या अभिजात संगीताच्या दर्दींनी त्यांनाही हेच विचारलं होतं, याला संगीत म्हणायचं का. मला ती आपली माणसं वाटली.

मग नाद लागला. रविवारी पहाटेची गाडी धरून पुण्याच्या जुन्या बाजारात जायचं, गुडघ्यावर बसून गठ्ठे उपसायचे, पाकिटावर कमीत कमी चित्र असेल ती उचलायची. एकदा अशीच एक हातात घेतली, तर शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. अलगद, म्हणजे सभ्यपणे. म्हणाले, "ही तुमच्यासाठी नाही हो. भजनं, भावगीतं तिकडच्या खोक्यात आहेत. हे कंटेम्पररी आहे, याला कान तयार लागतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी साधी, वहाणा धुळीच्या, बोलण्याला गावाकडचा वास. एवढ्यावरून माणूस कशाला कान देईल ते ठरलं! मी म्हटलं, "माझा कान सरकारनं पगार देऊन तयार केलाय. आणा ती इकडं." आणली. दिली. येताना एसटीत ती मांडीवर धरून बसले आणि बारामती येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना आणखी चार उत्तरं दिली.

पण हा राग काहीच नाही. खरा राग गावातलाच.

माझ्या वडिलांना सगळं गाव तात्या म्हणायचं. ते कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं ते दार त्यांच्या हातात. पाण्याची पाळी जवळ आली की माणसाला तात्या म्हणायला कुणाची जीभ जड होत नाही. निवृत्त झाले तरी तोंडात बसलेलं नाव तसंच राहिलं. त्यामागचं मूळ नातं काय आहे, ते गाव विसरलं असेल अशी आमची समजूत होती.

आमच्या आज्यापर्यंत घर वाजवणारं. गावातलं कुठलंही लग्न, कुठलीही वरात, सनई आज्याची आणि हलगी तात्यांची. बोलावणं नसायचं, सांगावा यायचा. 'याल का' असं कुणी विचारत नसे. छप्पन साली आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि वाजवायचं बंद म्हणून चावडीत जाऊन सांगितलं. तात्या तेव्हा बावीस वर्षांचे. गावानं वर्षभर बोलणं टाकलं, काम दिलं नाही, मग बारामतीहून बँड आणायला लागलं. आमच्या घरात त्यानंतर वाद्य आलं नाही. रेडिओ होता, तोही बातम्यांपुरता. बातम्या संपून गाणं लागलं की तात्या उठून तो बंद करत. लहानपणी मला वाटे, बॅटरी वाचवतात.

म्हणून मशीन घरी आणलं तेव्हा मी धास्तावले होते. पहिल्या दिवशी तात्या दारातूनच बघून गेले. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात टेकले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धुतलेला सदरा घालून, खुर्ची ओढून, मशीनसमोर बसले. मी तेव्हा लावली होती त्या रेकॉर्डमध्ये खूप सारी व्हायोलिनं एकच स्वर धरून असतात आणि तो स्वर इतका हळूहळू सरकतो की सरकला कधी ते कळतच नाही. वीस मिनिटं तात्या हलले नाहीत.

"कसं वाटतंय?" मी मधेच विचारलं.

"थांब. संपू दे."

संपल्यावर ते आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "गाणं लागलं की माझी बोटं चालत्यात. भजन असू दे, सिनेमाचं असू दे. गुडघ्यावर आपली चालतच ऱ्हात्यात. चाळीस वर्सं झाली, थांबवून थांबत न्हाईत. ह्यात थांबली बघ." आणि खुर्ची आणखी पुढं ओढून, "लाव परत."

रेडिओ का बंद व्हायचा ते मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी इंदापूरहून येईपर्यंत तात्यांचा सदरा बदललेला असे. आमच्या वस्तीतली पोरं म्हणत, ताई, जयंतीची गाणी लावा की. ती आम्ही जयंतीला लावायचोच. शेजारचे म्हणत, म्हशी बुजत्यात. म्हशी कधी बुजल्या नाहीत. तात्यांना आवडायची ती व्हायोलिनची रेकॉर्ड. ते म्हणत, कोरड्या पाटात पाणी यायच्या आधी नुसती हवा येती, तसा आवाज हाय. सगळी नोकरी त्या पाटावर काढलेल्या माणसाचं हे मत आहे. पुण्याच्या त्या गृहस्थांना कळवायला हवं होतं.

तुळशीची लग्नं झाली आणि गावात लग्नाच्या तिथ्या निघाल्या. एका संध्याकाळी आबा आले. आबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, साठीचे, बोलायला मऊ. आईनं चहा टाकला.

"तात्या, आडचणीत हाय," आबा म्हणाले. "आपल्या पोरीचं लग्न आन निजामचा सेट त्याच तिथीला कोऱ्हाळ्याला गेलाय. तुमच्याकडं मशीन हाय म्हणं."

"हाय."

"मग येऊन बसा की मांडवात. रेकॉर्डी मी निजामकडनं आणतो. तुमचा हात हाय त्यातला, घरात चालत आल्यालं हाय. दुसऱ्याला काय कळतंय त्यातलं?"

खरं सांगते, आबांना अपमान करायचा नव्हता. म्हणूनच तर माझं डोकं फिरलं. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. हे प्रेमानं, चहाचा घोट घेता घेता, मान देतोय अशा थाटात चाललं होतं.

"आबा, रेकॉर्ड लावायला घराण्याचा हात कशाला लागतोय?" मी म्हटलं. "एक बटण आहे. तुमच्या म्हशीनं शेपटी मारली तरी चालू होईल."

आबा हसले. "पोरी, तू नोकरीवाली. तुला न्हाय कळायचं ह्ये."

तात्यांनी कपबशी खाली ठेवली. "मशीन न्या, आबा. पोरीचं लग्न हाय, न्हाय म्हणायचं न्हाय. पण माणूस येणार न्हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी मी येणार न्हाय. आमच्यातलं कुणीच न्हाय. तुमच्या पुतण्याला लावून दावतो कसं लावायचं त्ये."

आबांना ते नीट कळलं असं दिसलं नाही, पण मशीन मिळतंय यावर त्यांचं समाधान झालं. ते गेल्यावर मी तात्यांशी भांडले. म्हटलं, मशीन तरी का दिलंत? माझी वस्तू, माझ्या पगाराची. तात्या म्हणाले, "माझ्या बापाला समदंच सोडाय लागलं. वाजवणं, आन गावाशी बोलणंबी. वस्तू दिऊन माणूस घरात ठिवता येतोय का, त्ये बघायचं व्हतं मला." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. 

लग्नाच्या दिवशी मी ड्यूटीवर होते. संध्याकाळी एसटीतून उतरले तर फाट्यापर्यंत मांडवातला आवाज येत होता, मशीनला कुठूनसा कर्णा जोडलेला. आमच्या मशीनचा आवाज मला लांबूनच ओळखू आला. तात्या घरात खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

तिसऱ्या दिवशी आबांचा पुतण्या मशीन घेऊन आला. पिन गेलेली. ती उड्या मारू नये म्हणून तिच्या दांडीवर त्यांनी चार आणे चिकटवले होते, ते तसेच. आणि मशीनवर लावलेली राहून गेलेली ती व्हायोलिनची रेकॉर्ड मांडवाच्या पत्र्यावर कुणीतरी काढून ठेवली होती. दुपारभर उन्हात पडून ती पापडासारखी वाकली होती. "ती लग्नातली नव्हती म्हणून बाजूला ठिवली," पुतण्या म्हणाला. वर त्याच्या हातात एक टोपली होती, नव्या फडक्यानं झाकलेली. "आबांनी आठवणीनं दिलंय. रीत मोडू नगं म्हणले."

आईनं फडकं उचललं आणि तसंच परत टाकलं. मी बघितलं. गहू, गूळ, हरभऱ्याची डाळ, नारळ, आणि वर एक नवं उपरणं.

"आसाच यायचा," आई म्हणाली. "मी नवी नवरी व्हते तवा, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. वाजवणाऱ्याचा शिधा हाय ह्यो."

चाळीस वर्षं! चाळीस वर्षांत माझ्या बापानं नोकरी केली, घर बांधलं, मला शिकवलं, अर्ध्या गावाच्या उसाला पाणी दिलं. माणूस येणार नाही असं तोंडावर सांगितलं. आणि तरी मशीन आमच्या घरचं एवढ्यावरून टोपली बिनचूक तिसऱ्या दिवशी आमच्या दारात. मी ती उकिरड्यावर फेकायला उचलली. तात्यांनी माझ्या हातातून घेतली. म्हणाले, "अन्न हाय. आन फेकली तर त्यांना कळंल कसं?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी दहाच्या उन्हात, माणसं दारात असताना, तात्या टोपली घेऊन गावातल्या मोठ्या गल्लीनं निघाले. डोक्यावर नाही, हातात. मी मागं. आबांच्या ओट्यावर पाच-सहा जण बसले होते. तात्यांनी टोपली ओट्यावर ठेवली.

"आवो तात्या," आबा उठलेच, "कमी पडलं का काय?"

मला त्या क्षणी रडू आलं आणि हसूही. त्यांच्या डोक्यात दुसरं काही येऊच शकत नव्हतं.

"कमी न्हाय पडलं," तात्या म्हणाले. "घर चुकलंय. ह्यो वाजवणाऱ्याचा शिधा. आमच्यात वाजवणारं कुणी न्हाय."

"मग मशीन कशाला ठिवलंय?"

"ऐकायला."

ओट्यावर कुणीतरी हसलं. आबांनी खरंच गोंधळून विचारलं, "कुणाच्या लग्नाला?"

"कुणाच्याच न्हाय. सांजच्याला खुर्चीवर बसून आमचं आमी ऐकतो. मी ऐकतो, पोरगी ऐकती."

"तसं न्हाय तात्या, रीत हाय म्हणून..."

"रीत आमी छप्पन साली सोडली, आबा. तुमच्याकडनं आजून सुटली न्हाय, त्याला आमी काय करावं?"

 मला त्या वाकलेल्या रेकॉर्डबद्दल बोलायचं होतं, चार शब्द तोंडात तयार होते. पण तात्या वळले होते. परतताना गल्लीत तीन जणांनी त्यांना नमस्कार केला, त्यातला एकही एरवी नमस्कार करणारा नव्हता. घराशी आल्यावर तात्यांनी एवढंच विचारलं, "पिन कुठं मिळंल गं?"

पिन मिळायला हंगाम संपत आला. ती रेकॉर्ड मी दोन काचांमध्ये ठेवून वर डिक्शनऱ्यांचा भार दिला, तरी पुरती सरळ झाली नाही. पिन वर-खाली होत जायची आणि स्वर डळमळायचा. तात्या तरी तीच लावायला सांगायचे. त्यानंतर आमच्याकडे कुणी मशीन मागायला आलं नाही. काही वर्षांनी आबांच्या थोरल्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर पाहुण्याला लिहावं तसं तात्यांचं पूर्ण नाव होतं. मी समजले, झालं एकदाचं.

आता तबकड्यांना पुन्हा दिवस आलेत म्हणे. शहरातली माणसं गाडी घेऊन माझा संग्रह बघायला येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "अशा ठिकाणी हे सगळं!" अशा म्हणजे कशा, हे मी विचारते. ती पाकिटं चाळायला लागतात. मी विकत नाही.

तात्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी गावातल्या शिकलेल्या मुलांनी गावाची स्मरणिका काढायची ठरवली. फोन आला. मुलगा गोड बोलत होता, मला मॅडम म्हणत होता. "आपल्या गावचे कलावंत असं एक पान करतोय. तात्यांचा हलगीसोबतचा फोटो पाहिजे."

"तसा फोटो नाही."

"मग नुसता द्या, मॅडम. हलगी आम्ही कॉम्प्युटरवर जोडून घेतो."

मी फोन ठेवला. मग त्यांना एकच फोटो पाठवला. तात्या खुर्चीत, धुतलेला सदरा, शेजारी मशीन, डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मॅडम, ह्यात ते काहीच वाजवत नाहीत."

"नाहीत. ऐकताहेत."

"पण पान कलावंतांचं आहे."

"मग तात्यांना त्यात घेऊ नका. ऐकणाऱ्यांचं पान काढाल तेव्हा हा फोटो घ्या. हलगी जोडायची नाही. नीट लिहून घ्या."

"लिहून घेतलं, मॅडम," तो म्हणाला.

स्मरणिका घरी आली. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. कलावंतांच्या पानावर तात्यांचं पूर्ण नाव होतं, खाली 'परंपरागत हलगीवादक' असं लिहिलेलं होतं, आणि फोटोच्या चौकटीत माणसाच्या जागी एक हलगी छापलेली होती.